डेबियन १३ वर बॉइंक चालवून पाहताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डेबियन या लिनक्स प्रणालीची १३ वी आवृत्ती ‘ट्रिक्सी’ ९ ऑगस्ट २०२५ ला आली. तेव्हापासून बॉइंक या सॉफ्टवेअरने घरचा संगणक विज्ञानाच्या कामाला लावणाऱ्या ओळखीच्या मंडळींकडून तेच तेच प्रश्न येत आहेत. अपग्रेड करू का, केलं तर हातातल्या कामांचं काय, ग्राफिक्स कार्ड दिसेनासं का झालं. माझी तीन यंत्रं अकोल्यात चालतात: एक जुना आय-फाइव्हचा टॉवर, एक लॅपटॉप आणि रास्पबेरी पाय हा एक चिमुकला संगणक. त्यांतली दोन मी ट्रिक्सीवर नेली आणि एक मुद्दाम जुन्यावरच ठेवलं. त्या अनुभवातून ही उत्तरं एका जागी लिहिली आहेत.

स्वयंसेवी गणन म्हणजे काय? मी अगदीच नवीन आहे.

संशोधकांकडे हिशेब डोंगराएवढा असतो आणि महासंगणकावर वेळ मिळतो चिमूटभर. म्हणून त्या हिशेबाचे लहान तुकडे करून ते जगभरच्या लोकांच्या घरच्या संगणकांना वाटले जातात. आपला संगणक रिकामा असेल तेव्हा तुकडा सोडवतो आणि उत्तर परत पाठवतो. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून १७ मे १९९९ ला सुरू झालेल्या, परग्रहांवरून येणारे संकेत शोधणाऱ्या सेटी ॲट होममुळे ही कल्पना घराघरांत पोचली. त्या प्रकल्पाने ३१ मार्च २०२० ला नवीन काम देणं थांबवलं. पण त्याच मंडळींनी, डेव्हिड अँडरसन यांच्या पुढाकाराने, बॉइंक हे सर्वांसाठीचं सॉफ्टवेअर उभं केलं होतं. आज आइनस्टाइन ॲट होम, रोझेटा ॲट होम, वर्ल्ड कम्युनिटी ग्रिड, क्लायमेटप्रेडिक्शन, प्राइमग्रिड असे अनेक प्रकल्प त्यावर चालतात. फोल्डिंग ॲट होम मात्र बॉइंकवर नाही, त्याचं सॉफ्टवेअर वेगळं आहे.

नवी आवृत्ती आली म्हणून लगेच जायलाच हवं का?

नाही. डेबियन १२ ‘बुकवर्म’ला दीर्घकालीन आधाराखाली ३० जून २०२८ पर्यंत सुरक्षेचे अपडेट आहेत. यंत्र नीट चालत असेल, वेळेत उत्तरं देत असेल, तर घाई कशाला?

जाण्यासारखी कारणंही आहेत. ट्रिक्सीत ६.१२ कर्नल (प्रणालीचा गाभा) आहे, बुकवर्ममध्ये ६.१ होता. मधल्या काळात कर्नलचा शेड्युलर, म्हणजे कोणत्या प्रोग्रामला प्रोसेसर कधी द्यायचा हे ठरवणारा भाग, बदलला आहे: ६.६ पासून सीएफएसच्या जागी ईईव्हीडीएफ आला. एएमडीच्या झेन पिढीतल्या बऱ्याच प्रोसेसरांचा वेग आता वेगळ्या ड्रायव्हरकडून सांभाळला जातो. दोन-तीन वर्षांत घेतलेलं हार्डवेअर असेल तर ट्रिक्सीवर ते बहुधा जास्त मोकळेपणी चालेल. दहा वर्षांच्या टॉवरवर मला असा काही फरक जाणवला नाही.

अपग्रेडच्या आधी नेमकं काय करायचं?

या सगळ्यात हाच प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण इथेच मी एकदा चुकलो आहे.

बॉइंकने काम उतरवून घेतलं की ते आपल्या नावावर पडतं. सर्व्हर त्याची मुदत लिहून ठेवतो आणि वाट बघतो. आइनस्टाइनची मुदत साधारण १४ दिवसांची, रोझेटाची जेमतेम ३ दिवसांची. पुष्कळ प्रकल्प ताडून पाहायला एकच काम दोघांना देतात. मुदतीत उत्तर आलं नाही तर तेच काम दुसऱ्या कोणाला जातं, आणि तोवर ज्याने आपल्या जोडीने ते काम वेळेत केलं तो बिचारा ताटकळत राहतो. मी पहिल्यांदा आवृत्ती बदलली तेव्हा रांगेत २३ कामं होती. डिस्क पुसून नवीन प्रणाली बसवली आणि ती सगळी गेली. माझं नुकसान काहीच झालं नाही, पण २३ ठिकाणी कोणीतरी खोळंबलं. उसनं आणलेलं पीठ परत न करता घर बदलण्यासारखंच हे.

म्हणून आधी बॉइंक मॅनेजरमध्ये प्रत्येक प्रकल्पावर ‘नो न्यू टास्क्स’ दाबा. नवीन काम यायचं थांबतं, हातातलं संपत जातं. रांग लहान असेल तर दीड-दोन दिवसांत मोकळी होते. सगळं संपलं की ‘अपडेट’ दाबून उत्तरं सर्व्हरवर पोचली आहेत याची खात्री करा. काम संपणं वेगळं आणि उत्तर पोचणं वेगळं. एखादं काम अपग्रेडच्या दिवसापर्यंत संपणारच नसेल तर ते ‘अबॉर्ट’ करून पुन्हा ‘अपडेट’ दाबा. तसं केल्याने सर्व्हरला लगेच कळतं आणि तो मुदतीची वाट न बघता काम दुसऱ्याला देतो. गुपचूप नाहीसं होण्यापेक्षा हे केव्हाही चांगलं.

त्यानंतर पार्श्वभूमीत चालणारी बॉइंकची सेवा थांबवून व्हार-लिबमधल्या (/var/lib) बॉइंक फोल्डरची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. टेम्प फोल्डरमध्ये (/tmp) अजिबात ठेवू नका. ट्रिक्सीपासून ते फोल्डर डिस्कवर नसून मेमरीत असतं, त्यामुळे यंत्र पुन्हा सुरू झालं की तिथलं सगळं जातं.

जुन्यावरूनच अपग्रेड करू की कोरं बसवू?

दोन्ही चालतं. जागच्या जागी अपग्रेड केलं तर बॉइंकचं फोल्डर तसंच राहतं आणि प्रकल्पाच्या सर्व्हरवर आपलं यंत्र जुन्याच क्रमांकाने ओळखलं जातं. कोरं बसवलं तर नवा क्रमांक मिळतो. प्रकल्पाच्या संकेतस्थळावर दोन नोंदी एकत्र करायची सोय असते, म्हणून त्याची काळजी नको.

जागच्या जागी जाणार असाल तर आधी बुकवर्म शेवटच्या अपडेटपर्यंत आणा, मगच पुढचं पाऊल टाका. दूरच्या यंत्रावर एसएसएचने, म्हणजे नेटवरून त्यात शिरून, अपग्रेड करणाऱ्यांनी तर हे टाळूच नये. जुन्या ओपनएसएसएचसह निघालात आणि अपग्रेड मध्येच तुटलं तर त्या यंत्रात पुन्हा शिरता न येण्याचा धोका आहे. आणखी एक गोष्ट, नेटवर्क कार्डाचं नाव नव्या कर्नलमध्ये बदलू शकतं. माळ्यावर मॉनिटरशिवाय ठेवलेलं यंत्र अशाने एकाएकी नेटवरून दिसेनासं होतं. त्या दिवशी मॉनिटर आणि कीबोर्ड हाताशी असू द्या. बूट विभाजनात जागा किती उरली आहे तेही आधीच बघा, जुन्या कर्नलांनी ते भरलेलं असतं.

कोऱ्या प्रणालीवर जुनं फोल्डर परत ठेवायचं असेल तर सेवा बंद असताना ठेवा आणि फोल्डरची मालकी ‘बॉइंक’ या वापरकर्त्याकडे द्या. नव्या प्रणालीत त्या वापरकर्त्याचा अंतर्गत क्रमांक बदललेला असतो, मग क्लायंटला, म्हणजे काम करणाऱ्या बॉइंकच्या मुख्य प्रोग्रामला, स्वतःच्याच फायली वाचता येत नाहीत. शिवाय ती प्रत ताजी हवी. प्रत घेतल्यानंतर जुनं यंत्र आणखी दोन दिवस चालवलंत तर सर्व्हरच्या नोंदी पुढे गेलेल्या असतात आणि तो तुम्हाला नवीनच यंत्र समजतो. एकच फोल्डर दोन यंत्रांवर चालवणं तर कधीही करू नका.

पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालवून आधी बघता येईल का?

जरूर बघा, पण खरं काम उतरवू नका. लाइव्ह सत्रातलं सगळं मेमरीत असतं, यंत्र बंद केलं की उतरवलेलं कामही गेलं. लाइव्हमध्ये एवढंच तपासा: वायफाय लागतो का, पंखा आणि तापमान दिसतं का, सगळे कोर ओळखले जातात का. खरी चाचणी घ्यायची तर एखादी जुनी १२० जीबीची एसएसडी घेऊन तिच्यावर ट्रिक्सी बसवा आणि मूळ डिस्क काढून बाजूला ठेवा. मी टॉवरवर हेच केलं. पंधरा दिवस चाललं, पटलं, मग कायम केलं.

माझ्याकडे जुना ३२ बिटचा पीसी आहे. त्यावर चालेल?

ट्रिक्सी चालणार नाही. या आवृत्तीपासून ३२ बिट इंटेल यंत्रांसाठी कर्नलही नाही आणि इन्स्टॉलरही नाही. ६४ बिटच्या यंत्रावर जुने ३२ बिट प्रोग्राम चालवण्यापुरती ती पॅकेजं ठेवली आहेत. तेवढ्यावर काही जुन्या प्रकल्पांचे प्रोग्राम अजून चालतात, ३२ बिट लायब्ररी मात्र वेगळ्या घालाव्या लागतात.

खरं सांगायचं तर त्या पीसीला आता आराम द्या. तो दिवसभरात जेवढं करतो तेवढं आजचा साधा लॅपटॉप थोड्या वेळात आणि कितीतरी कमी विजेत करतो.

बॉइंक कुठून घ्यावं, डेबियनच्या भांडारातून की बॉइंकच्या?

डेबियनचं पॅकेज जास्त स्थिर, बॉइंकच्या स्वतःच्या भांडारातलं जास्त ताजं. नवख्याने डेबियनचंच घ्यावं. दोन्ही एकत्र मिसळू नका, एवढंच पथ्य.

मॅनेजर उघडतो, पण ‘जोडणी होत नाही’ म्हणतो.

डेबियनवर क्लायंट पार्श्वभूमीत स्वतंत्र सेवा म्हणून, ‘बॉइंक’ नावाच्या मर्यादित अधिकारांच्या वापरकर्त्याखाली चालतो. आपण मॅनेजर उघडतो तो आपल्या नावाने. या दोघांत एक परवलीचा शब्द असतो आणि त्याची फाइल फक्त ‘बॉइंक’ गटाला वाचता येते. स्वतःला त्या गटात घाला, लॉगआउट करून पुन्हा लॉगिन व्हा. दहापैकी नऊ वेळा एवढ्याने सुटतं. तरीही नाही जमलं तर सेवा चालू आहे का ते बघा. क्लायंट ३१४१६ या पोर्टवर ऐकतो. हे आकडे ओळखीचे वाटतील, पाय या गणिती स्थिरांकाचेच आहेत ते.

ग्राफिक्स कार्ड आहे, पण बॉइंक म्हणतो वापरण्याजोगं कार्ड सापडलं नाही.

इथे बरेच जण अडकतात. पडद्यावर चित्र दिसतं म्हणजे गणनाची सोय झाली असं नाही. चित्राला एक ड्रायव्हर पुरतो, गणनाला त्यावर कुडा किंवा ओपनसीएलचा थर लागतो.

एनव्हिडियासाठी भांडारातला ‘नॉन-फ्री’ (मुक्त नसलेल्या सॉफ्टवेअरचा) विभाग सुरू करून डेबियनचा ड्रायव्हर घ्या आणि त्याच्यासोबत ओपनसीएलचं वेगळं पॅकेजही घ्या. हे दुसरं पॅकेज बहुतेक जण विसरतात. ट्रिक्सीतला ड्रायव्हर ५५० मालिकेतला आहे. जीटीएक्स ७५० आणि ९०० मालिकेपासून पुढची कार्डं त्यावर चालतात. केपलर पिढीच्या जुन्या कार्डांचा आधार ४७० मालिकेतच संपला, म्हणून तसं कार्ड असेल तर बुकवर्म सोडू नका. उलट टोकाला आरटीएक्स ५० मालिकेची नवी कोरी कार्डं ५५० ला ओळखत नाहीत, त्यांना ५७० किंवा त्यापुढचा ड्रायव्हर लागतो. म्हणजे अतिजुनं आणि अतिनवं, दोन्हीकडे अडचण.

सिक्युअर बूट (फक्त सही असलेलाच कोड चालू देणारी सोय) चालू असेल तर घरी बांधलेलं ड्रायव्हरचं मॉड्यूल कर्नल नाकारतो. त्यासाठी स्वतःची किल्ली नोंदवावी लागते, नाहीतर बायोसमधून सिक्युअर बूट बंद करावं लागतं.

एएमडी कार्डाला ओपनसीएलचा थर रॉकएम किंवा मेसा या सॉफ्टवेअरकडून मिळतो. त्यात ‘बॉइंक’ वापरकर्ता ‘व्हिडिओ’ आणि ‘रेंडर’ या दोन्ही गटांत आहे ना, हे बघा. तुमच्या नावाने चाचणी केली तर कार्ड दिसतं आणि बॉइंकला दिसत नाही, याचं कारण बहुतेकदा हेच.

सगळं नीट असूनही यंत्र सुरू केल्यावर कार्ड दिसत नसेल तर बॉइंकची सेवा एकदा थांबवून पुन्हा सुरू करा. ड्रायव्हर तयार होण्याआधीच सेवा उठते, एकदाच कार्ड शोधते, सापडलं नाही की पुन्हा शोधत नाही. सेवा काही सेकंद उशिरा सुरू होईल अशी सोय सिस्टिमडीमध्ये, म्हणजे सगळ्या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्राममध्ये, करता येते.

काम येतं, पण काही सेकंदांतच एरर देऊन पडतं.

आधी घाबरून प्रकल्प काढून टाकू नका, पण नवीन काम घेणं मात्र लगेच थांबवा. पडणारी कामं भराभर उतरत राहिली तर सर्व्हर तुमचा रोजचा कोटा कमी करतो, आणि ते योग्यच आहे. मग एकाच पडलेल्या कामाचा तपशील प्रकल्पाच्या संकेतस्थळावर उघडून वाचा.

सिग्नल ११ ने (मेमरीत नको तिथे हात घातल्याच्या चुकीने) पडत असेल आणि प्रोग्राम फार जुना असेल तर व्हीसिसकॉल नावाची जुनी सोय कर्नलमध्ये बंद असण्याची शक्यता असते. बूट करताना कर्नलला ती अनुकरणाने चालू ठेवायला सांगता येतं. ‘फाइल सापडली नाही’ असं म्हणत असेल आणि फाइल डोळ्यांसमोर असेल तर तो ३२ बिट प्रोग्राम आहे आणि त्याच्या लायब्ररी नाहीत असं समजा. ट्रिक्सीत जीलिबसी ही जवळपास सगळ्या प्रोग्रामांना लागणारी लायब्ररी २.४१ आवृत्तीची आहे. त्यात एक नवा कडकपणा आला आहे: चालत्या प्रोग्रामने नंतर जोडलेल्या लायब्ररीला मेमरीतल्या स्टॅक या भागावर कोड चालवायची परवानगी लागत असेल तर ती आता मिळत नाही. सुरक्षेसाठी हे उत्तम, पण जुन्या पद्धतीने बांधलेला एखादा प्रोग्राम यावर अडू शकतो.

आणि मेमरी. टेम्प फोल्डर आता मेमरीत असल्याचं वर आलंच, ते निम्म्या रॅमपर्यंत वाढू शकतं. बॉइंकची कामं स्वतः तिथे नसतात, पण ८ जीबीच्या यंत्रावर दुसऱ्या कुठल्या प्रोग्रामने तिथे मोठी फाइल टाकली आणि त्याच वेळी रोझेटाची चार कामं चालू असली की रॅम अपुरी पडते. एक तर कोर कमी करा, नाहीतर टेम्प पुन्हा डिस्कवर न्या. सिस्टिमडीचं त्याचं युनिट ‘मास्क’ केलं की झालं.

एलएचसी ॲट होम या कणभौतिकीच्या प्रकल्पाची काही कामं व्हर्च्युअलबॉक्स (संगणकात दुसरा आभासी संगणक चालवणारं सॉफ्टवेअर) मागतात. ते डेबियनमध्ये सापडत नाही.

डेबियनच्या स्थिर आवृत्तीत ते बऱ्याच वर्षांपासून नाही. ते बनवणाऱ्यांच्या भांडारातून घ्यावं लागतं. त्यातही डेबियनची बॉइंक सेवा सुरक्षेसाठी बरीच जखडलेली असते आणि व्हर्च्युअलबॉक्सची कामं त्यात अडतात. हे सगळं सोडवता येतं, पण नवी आवृत्ती समजून घेण्याच्या पहिल्या महिन्यात हा गुंता ओढवून घेऊ नका. साधी कामं देणारे प्रकल्प पुष्कळ आहेत.

मी संगणकावर बसलो की बॉइंकने थांबावं असं ठरवलं आहे, पण ते थांबत नाही.

माउस हलला की नाही हे ओळखण्याची बॉइंकची पद्धत पडद्यावर चित्र दाखवणाऱ्या जुन्या एक्स ११ या यंत्रणेवर बेतलेली आहे. ट्रिक्सीचा गनोम डेस्कटॉप वेलँड या नव्या यंत्रणेवर चालतो आणि तिथे पार्श्वभूमीतल्या सेवेला तुमची हालचाल दिसत नाही. सोपा उपाय म्हणजे त्या अटीवर विसंबू नका. सीपीयूची कामं तशीही सर्वांत कमी प्राधान्याने चालतात, लिहा-वाचायच्या कामात अडथळा जाणवत नाही. दोन कोर मोकळे ठेवा. ग्राफिक्स कार्डाचं काम मात्र पडदा अडखळवतं, त्यासाठी वेळापत्रक लावा. रात्री ११ ते सकाळी ६, असं काहीतरी.

नव्या आवृत्तीवर वेग वाढला हे कसं मोजायचं?

बॉइंकच्या स्वतःच्या बेंचमार्कवरून नाही. व्हेटस्टोन आणि ड्रायस्टोनचे ते आकडे क्लायंट कोणत्या कंपायलरने बांधला यावरही हलतात, आणि प्रकल्पाचा प्रोग्राम तर तोच असतो. अपग्रेडच्या आधी एकाच प्रकल्पाच्या, एकाच प्रकारच्या वीसेक कामांचा वेळ लिहून ठेवा, नंतर पुन्हा वीस कामांचा घ्या आणि सरासरी ताडून बघा. एकेका कामात फरक असतोच. खोलीचं तापमानही लिहा, डिसेंबरचे आकडे मे महिन्याच्या आकड्यांशी जुळत नाहीत.

ठीक, वेग समजला. पण उत्तरं बरोबर येतात हे कसं कळणार?

मला वाटतं, नवी आवृत्ती चालवून बघताना मुख्य प्रश्न हाच असायला हवा. यंत्र सुरू झालं, पंखा फिरला, कामं शंभर टक्क्यांवर गेली, यातलं काहीही उत्तर बरोबर असल्याचा पुरावा नाही.

पुष्कळ प्रकल्प एकच काम दोन अनोळखी यंत्रांना देतात आणि उत्तरं ताडून पाहतात. जुळली तर दोन्ही ग्राह्य, नाही जुळली तर तिसऱ्याला देतात. २०१० मध्ये आइनस्टाइन ॲट होमला पहिला नवा पल्सार (ठरावीक ठेक्यात रेडिओ स्पंदनं पाठवणारा तारा) सापडला. अरेसिबोच्या दुर्बिणीने टिपलेल्या माहितीत तो दडला होता, आणि शोधाचं श्रेय मिळालं अमेरिकेतल्या आयोवामधल्या आणि जर्मनीतल्या माइन्त्समधल्या स्वयंसेवकांच्या संगणकांना. दोन वेगळ्या देशांतली घरची यंत्रं, आणि दोघांचं उत्तर एकच. अशा कामात आपलं यंत्र चुकीचं उत्तर देत असेल तर आपण केवळ निरुपयोगी ठरत नाही, तिसऱ्या एका माणसाची वीजही खर्च करायला लावतो.

म्हणून अपग्रेडनंतर रांग मुद्दाम लहान ठेवा. कामाचा साठा ०.१ दिवस आणि वरचा साठा शून्य, एवढंच. आधी दोन-चार कामं करा आणि थांबा. प्रकल्पाच्या संकेतस्थळावर आपल्या यंत्राच्या पानावर ग्राह्य, प्रलंबित, अग्राह्य आणि एरर असे वेगळे आकडे असतात. प्रलंबित म्हणजे जोडीदाराची वाट, त्यात दोष नाही. अग्राह्य दिसू लागले तर शोध सुरू करा. प्रणालीवर संशय घेण्याआधी ओव्हरक्लॉक (ठरल्यापेक्षा वाढवलेला वेग) काढा, रॅम रात्रभर मेमटेस्ट या प्रोग्रामने तपासा, तापमान बघा. लिनक्सची आवृत्ती बदलल्याने बरोबर गणित चुकीचं होत नाही. बहुतेक वेळा आधीपासूनची कच्ची रॅम नव्या कर्नलखाली जास्त ताणली जाते आणि उघडी पडते. माझ्या टॉवरमध्ये अगदी हेच निघालं. एक ४ जीबीची काडी बदलली आणि अग्राह्य कामं थांबली.

निदान तीस-चाळीस कामं ग्राह्य झाली की मगच साठा वाढवा आणि दुसऱ्या यंत्राकडे वळा. सगळी यंत्रं एकाच दिवशी कधी बदलू नका.

उन्हाळ्यात चालू ठेवावं का?

आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ वर जातो. दुपारी १२ ते ६ मी टॉवर बंदच ठेवतो. बॉइंकमध्ये ‘कोर किती वापरायचे’ आणि ‘सीपीयूचा किती टक्के वेळ वापरायचा’ अशा दोन सेटिंग आहेत. उष्णता कमी करायला पहिली वापरा. दुसरी काम सतत चालू-बंद करते आणि तापमान वरखाली होत राहतं. सेन्सर्सचं पॅकेज बसवून आठवड्यातून एकदा आकडे बघा, आणि उन्हाळ्याआधी हीटसिंकमधली धूळ काढा. आमच्या भागातली लाल-काळी धूळ तीन महिन्यांत जाळी बंद करते.

वीजबिल किती येईल?

हिशेब सोपा आहे. यंत्र १०० वॉट खेचत असेल आणि चोवीस तास चालत असेल तर दिवसाला २.४ युनिट, महिन्याला ७२ युनिट. महावितरणचे दर टप्प्याटप्प्याने चढतात, म्हणून ही ७२ युनिट तुमच्या बिलात सर्वांत वरच्या दराने मोजली जातात हे ध्यानात घ्या. प्लगला लावायचं वॉटमीटर मिळतं, ते एकदा लावून खरा आकडा बघाच. घरात बिल भरणाऱ्या माणसाला आधी विचारा. गच्चीवर सोलर असेल तर दिवसा चालवणं सर्वांत छान.

मध्येच वीज गेली तर काम वाया जातं का?

बहुतेक प्रोग्राम थोड्या थोड्या वेळाने आपली जागा डिस्कवर लिहून ठेवतात आणि तिथून पुढे चालू होतात. काही मिनिटांचं काम जातं, बस. काही कामं मात्र अशी नोंद फार उशिरा करतात, हवामानाच्या मोठ्या कामांत हा अनुभव येतो. लॅपटॉप असेल तर बॅटरीवर गेल्यावर थांबायचं सेटिंग चालू ठेवा. इन्व्हर्टरवर टॉवर चालवू नका, घरातल्या पंख्याचा हक्क पहिला.

कोणता प्रकल्प निवडू?

जो तुम्हाला मनापासून महत्त्वाचा वाटतो तो. मी आइनस्टाइन ॲट होमला जास्त वेळ देतो. तो लायगो या अमेरिकेतल्या वेधशाळेच्या माहितीत सतत उमटणाऱ्या गुरुत्वीय लहरी शोधतो, आणि लायगोच्या कुटुंबातली भारतातली वेधशाळा आपल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ उभी राहते आहे. तिच्या बांधणीला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. गोंगाटातून अशी लहर वेचून काढण्याच्या गणितावर पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत संजीव धुरंधर यांनी अनेक वर्षं काम केलं आहे. माझ्या खोलीतल्या यंत्रावर चालतं ते याच घराण्यातलं गणित, हे आठवलं की खरंच बरं वाटतं.

प्रथिनांच्या रचनेत रस असेल तर रोझेटा बघा. ज्या डेव्हिड बेकर यांच्या प्रयोगशाळेतून तो निघाला त्यांना २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. नव्या आवृत्तीच्या पहिल्या महिन्यात मात्र एकच प्रकल्प जोडा. काही बिघडलं तर कारण सापडायला सोपं जातं.

यातून पैसे मिळतात का?

बॉइंकमध्ये गुण मिळतात, पैसे नाहीत.

कॉलेजच्या लॅबमध्ये तीस संगणक रात्रभर पडून असतात. तिथे बसवू?

लेखी परवानगी घेऊन जरूर बसवा. परवानगीशिवाय मुळीच नाही. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात एका कॉलेजच्या यंत्रणा सांभाळणाऱ्या माणसाने असंच स्वयंसेवी गणनाचं सॉफ्टवेअर लॅबमध्ये घातलं, त्याच्यावर फौजदारी खटला झाला आणि २००२ मध्ये तो प्रोबेशन आणि भरपाईवर मिटला. विभागप्रमुखांना भेटा, विजेचा हिशेब सोबत न्या, एका संगणकापासून सुरुवात करा. मुलांना स्वतः लिनक्स बसवायला द्या. डेबियनचा ग्राफिक इन्स्टॉलर मराठीतही चालतो, हे दाखवलं की मुलं पुढे सरसावतात.

रास्पबेरी पायवर अर्थ आहे का?

आहे. रास्पबेरी पाय ओएसची ट्रिक्सीवरची आवृत्ती ऑक्टोबर २०२५ मध्ये आली आणि आइनस्टाइनकडे त्यासाठी प्रोग्राम आहेत. वीज अगदी थोडी लागते. ६४ बिटची आवृत्ती घ्या, पंखा लावा आणि मेमरी कार्डाऐवजी यूएसबीवरची एसएसडी वापरा. सततच्या लिखाणाने कार्डं लवकर मरतात.

ट्रिक्सी नाही पटली. परत बुकवर्मवर जाता येईल?

डेबियन खालच्या आवृत्तीवर उतरण्याला आधार देत नाही. पॅकेजं हाताने मागे नेण्याचा प्रयत्न करू नका, अर्धं इकडचं अर्धं तिकडचं होऊन बसतं. पुन्हा रांग रिकामी करा, उत्तरं पोचवा, बॉइंकच्या फोल्डरची प्रत घ्या आणि बुकवर्म नव्याने बसवा. म्हणून तर मूळ डिस्क बाजूला काढून ठेवायला सांगितलं होतं. माझ्या लॅपटॉपवर क्लायमेटप्रेडिक्शनचं एक लांबलचक काम चालू आहे. ते संपेपर्यंत त्याच्यावर बुकवर्मच राहील.